शिक्कामोर्तब करतो कोण?

मृग निघायच्या आधी आष्टीत दोन ठिकाणी गर्दी होते. एक खत-बियाण्यांच्या दुकानांपुढे आणि दुसरी महा ई-सेवा केंद्रांपुढे. पहिल्या गर्दीत उभे राहायला पैसे लागतात, आणि ते पैसे बँकेतून मिळावेत म्हणून दुसऱ्या गर्दीत उभे राहावे लागते. पीककर्जाला सातबारा लागतो, आठ-अ लागतो, आधार लागते. आणि आता ही कागदपत्रे तलाठ्याच्या सज्जातून नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावरून उतरतात. अशाच एका केंद्रात माझ्या पुढे कड्याकडचे एक वयस्क शेतकरी उभे होते. हातात सातबाऱ्याची छापील प्रत. तिच्यावर सहीच्या जागी एक भले मोठे पिवळे प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून इंग्रजीत तीन शब्द : ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’. बँकेतल्या साहेबांनी त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवून कागद परत केला होता.

‘‘काका, कागद खराय. फक्त कॉम्प्युटरला सहीची ओळख पटत नाही,’’ केंद्रातला मुलगा म्हणाला.

‘‘कागद सरकारनंच दिला, सही बी सरकारचीच,’’ काका म्हणाले, ‘‘मग वळख कुणाला पटंना?’’

मुलगा हसला आणि कामाला लागला. पण काकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खरे तर आजच्या संगणकयुगातला तो एक मूलभूत प्रश्न आहे. आपण मोबाइलवर बँकेचे संकेतस्थळ उघडतो, विजेचे बिल भरतो, रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा हाच प्रश्न आपला ब्राउझर दर वेळी स्वतःला विचारत असतो : समोरचा जो म्हणतो आहे तो तोच कशावरून? आणि क्षणार्धात त्याचे उत्तरही देऊन मोकळा होतो. ते उत्तर तो कोणाच्या भरवशावर देतो, हे मात्र आपण कधी विचारत नाही. आष्टीकरांनी रेल्वेची वाट अनेक दशके पाहिली; नगरहून येणारी पहिली प्रवासी गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली. इंटरनेट मात्र न सांगता, न उद्घाटन होता घरात येऊन बसले. त्यामुळे त्याच्या रुळांची तपासणी कोण करतो, हे पाहायला कोणाला सवडच झाली नाही.

शिक्का वेगळा, मोर्तब वेगळे

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण जुन्या कारभारात ती दोन वेगळी कामे होती. पत्रावर शिक्का उठे, तो पत्र कोणाचे हे सांगे. मजकूर संपला की अखेरीस मोर्तब होई, आणि ते सांगे की लिहिणे येथे संपले. यापुढे कोणी ओळ वाढवली तर ती खोटी. एकाने माणसाची ओळख पटवायची, दुसऱ्याने मजकुराची राखण करायची. गावच्या महजरावरही असेच. पाटलाने नांगराची निशाणी करायची, बलुतेदारांनी आपापल्या हत्यारांची. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही आपली ओळख कागदावर ठेवता येत होती.

अर्थात खोटे शिक्के तेव्हाही होते, खोटी वतनपत्रेही होती. शिक्क्याचा दोष असा की, तो जितका उमटावा तितका उघडा पडतो. कागदावर उमटलेला ठसा हाताशी असला की एखादा तरबेज कारागीर त्यावरून दुसरा शिक्का पाडू शकतो. शिवाय कागद पारखायला पारखी लागतो. मराठवाड्याला तर हे सांगायलाच नको. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. कागद जपलेला होता. तो वाचून ‘हा खरा’ म्हणणारा माणूस दुर्मीळ झाला होता.

शिक्क्याचा दोष गणिताने दूर केला. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी किल्ल्यांच्या जोडीची कल्पना मांडली. एक किल्ली गुप्त, एक जगजाहीर. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारी पद्धत दिली. गुप्त किल्लीने केलेली सही जगजाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते. पण जगजाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली तयार करणे आजच्या संगणकांना व्यवहारात अशक्य आहे. म्हणजे ठसा गावभर वाटून टाकावा आणि तरीही शिक्का एकाच्याच मुठीत राहावा, अशी ही किमया. शिवाय मजकुरातले एक अक्षर जरी बदलले तरी सही जुळत नाही. शिक्का आणि मोर्तब दोन्ही एकाच गणितात आले.

पण एक गोष्ट गणिताला सुटली नाही. ही जगजाहीर किल्ली बँकेची आहे, हे मला कोणी सांगायचे? भामटाही आपली किल्ली पुढे करून ‘मीच बँक’ म्हणू शकतो. डिफी आणि हेलमन यांच्या मनात टेलिफोनच्या पुस्तकासारखी एक सार्वजनिक यादी होती. १९७८ मध्ये लॉरेन कॉनफेल्डर या एमआयटीतल्या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात सुचवले की, दर वेळी यादी पाहायला जाण्यापेक्षा यादीतली नोंदच सही करून ज्याची त्याला द्यावी. ही किल्ली अमक्याची, असे लिहायचे आणि खाली विश्वासू माणसाने सही करायची. त्या चिठ्ठीला त्याने ‘सर्टिफिकेट’ म्हटले. आज जगातला सगळा ऑनलाइन व्यवहार त्या विद्यार्थ्याच्या चिठ्ठीवर उभा आहे.

ब्राउझरची उलटतपासणी

तुम्ही बँकेचा पत्ता टाइप करता तेव्हा पलीकडचा संगणक आधी आपले प्रमाणपत्र पुढे करतो. मग ब्राउझर एखाद्या खडूस अव्वल कारकुनासारखा ते उलटसुलट करून पाहतो. प्रमाणपत्रावरचे नाव आणि तुम्ही टाइप केलेला पत्ता अक्षरशः जुळतो का? एका टिंबाचा फरक असला तरी नाही म्हणजे नाही. मुदत संपली तर नाही ना? सही बरोबर आहे का, आणि सही करणाऱ्याला सही करण्याचा अधिकार कोणी दिला? मध्यंतरी ते रद्द तर झालेले नाही? आणि सर्वांत शेवटचे, पण महत्त्वाचे : प्रमाणपत्र आणणाऱ्याकडे त्याची गुप्त किल्ली खरोखरच आहे का? कारण प्रमाणपत्र ही काही लपवायची वस्तू नाही, त्याची नक्कल कोणीही आणू शकतो. म्हणून ब्राउझर त्याला तिथल्या तिथे सही करून दाखवायला लावतो. दाखल्याच्या झेरॉक्सवर भागत नाही, माणूस समक्ष लागतो.

मुदतीच्या बाबतीतला माझाच एक फजितीचा किस्सा सांगतो. घरात पडून असलेला एक जुना मोबाइल मी चार्ज करून सुरू केला. एकही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक ठिकाणी तांबडा त्रिकोण आणि ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ ही धमकी. सगळ्या जगाने एकाच दिवशी माझ्याविरुद्ध कट केला की काय, असे वाटू लागले. मग लक्षात आले की बॅटरी पार उतरल्यामुळे फोनची तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. त्या बिचाऱ्याच्या हिशेबी सगळ्या जगाची प्रमाणपत्रे भविष्यकाळातली होती. तारीख दुरुस्त केली आणि जग पुन्हा विश्वासार्ह झाले. तेव्हा असा त्रिकोण दिसला तर आधी घड्याळ पाहावे. मात्र घड्याळ बरोबर असेल आणि तरीही बँकेच्या पानावर त्रिकोण असेल, तर ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबू नये. रस्ता खरोखरच बंद असू शकतो.

नाथांची परंपरा आणि स्वयंभू मूळ

आता राहिला काकांचा प्रश्न : सही करणाऱ्याला ओळखतो कोण? याचे उत्तर समजून घ्यायला आष्टी तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. तालुक्यातल्या सावरगावला, गर्भगिरीच्या डोंगरात, मायंबा म्हणजे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी आपली गुरुपरंपरा सांगितली आहे. त्यांचे गुरू निवृत्तिनाथ, त्यांचे गहिनीनाथ, त्यांचे गोरक्षनाथ, त्यांचे मच्छिंद्रनाथ आणि मच्छिंद्रांचे आदिनाथ. ‘तुमचा अधिकार काय?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून एकेक पायरी वर चढत गेले, की शेवटी जिथे थांबावे लागते ते आदिनाथ. त्यांना अनुग्रह कोणी दिला, असे कोणी विचारत नाही. ते स्वयंभू.

प्रमाणपत्रांची परंपरा अगदी अशीच असते. बँकेच्या प्रमाणपत्रावर एका मधल्या संस्थेची सही असते, तिच्या प्रमाणपत्रावर मूळ संस्थेची. आणि मूळ प्रमाणपत्रावर सही कोणाची? त्याची स्वतःचीच! तांत्रिक भाषेत त्याला ‘सेल्फ-साइन्ड’ म्हणतात. आपल्याकडे ‘स्वयंभू’ हा शब्द त्याआधीपासून आहे. हे मूळ बरोबर की चूक, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. ते मानायचे असते. तुमच्या फोनमध्ये, संगणकात, ब्राउझरमध्ये अशा मानलेल्या मुळांची यादी आधीपासूनच भरलेली असते. साखळी त्या यादीतल्या एखाद्या मुळापर्यंत पोचली तर विश्वास. नाही पोचली तर तांबडा त्रिकोण, किंवा काकांच्या कागदावरचे पिवळे प्रश्नचिन्ह.

फरक एवढाच की, नाथपंथाचे आदिनाथ एक आहेत, आणि ब्राउझरच्या यादीत ते शंभर-दीडशे असतात. त्यांतल्या कोणाही एकाची परंपरा जुळली की पुरे. हे शंभर-दीडशे ठरवले कोणी? तुम्ही नाही, मी नाही, संसदेने तर नाहीच. १९९४-९५ मध्ये नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये सुरक्षित व्यवहाराची सोय केली तेव्हा मोजकी मुळे आत घालून दिली. १९९५ मध्येच व्हेरिसाइन ही प्रमाणपत्रे विकणारी कंपनी निघाली. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा ही मुळे लावून झालेली होती. आज मायक्रोसॉफ्ट, ॲपल, मोझिला आणि गुगल अशा मोजक्या संस्था या याद्या राखतात. यादीत येण्यासाठी दरसालचे लेखापरीक्षण, जाहीर चौकशी, नियमांची बाडे असे सगळे आहे. पण अखेरचा शब्द यादी राखणाऱ्याचा.

जुलै २०१४ : आपल्याच घरातली गोष्ट

आपल्या देशाने हा विषय फार लवकर हाती घेतला होता, हे आधी सांगितले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि त्यानुसार प्रमाणन प्राधिकरणांचा नियंत्रक नेमला गेला. म्हणजे आपले आदिनाथ कायद्याने नेमलेले. नियंत्रकाने परवाने द्यायचे, परवानाधारकांनी सह्यांची प्रमाणपत्रे द्यायची. सातबाऱ्यावरच्या डिजिटल सहीचे मूळ याच परंपरेत आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेले एनआयसी, हेही असेच एक परवानाधारक होते. नियंत्रकाचे मूळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. त्यामुळे विंडोजच्या संगणकांवर त्या परंपरेतली प्रमाणपत्रे बिनबोभाट चालत.

२ जुलै २०१४ रोजी गुगलच्या ध्यानात आले की, गुगलच्या काही पत्त्यांसाठी प्रमाणपत्रे निघाली आहेत आणि ती गुगलने मागितलेलीच नाहीत. त्यांच्यावर सही एनआयसीच्या प्राधिकरणाची होती. विषय किती गंभीर हे साध्या भाषेत सांगायचे तर, तुमच्या शेताचा सातबारा तुमच्या नकळत दुसऱ्याच्या नावाने निघावा आणि त्यावर खराखुरा शिक्का असावा, तसे. अशा प्रमाणपत्राचा धनी वाटेत बसला तर तुमची टपाले वाचू शकतो आणि तुमचा ब्राउझर हूं की चूं करणार नाही. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. चौकशीत सांगण्यात आले की एनआयसीची प्रमाणपत्रे देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती आणि चार प्रमाणपत्रे चुकीची निघाली : तीन गुगलच्या पत्त्यांची, एक याहूच्या. पण या चारांपलीकडची काही चुकीची प्रमाणपत्रेही गुगलच्या हाती होती. गुगलने जाहीर केले की नुकसानीचा आवाका अज्ञात आहे, आणि यापुढे क्रोम ब्राउझर भारतीय नियंत्रकाच्या मुळाला गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, रिझर्व्ह बँक अशा सातच पत्त्यांपुरते मानेल. मायक्रोसॉफ्टने १० जुलैला ४५ पत्त्यांची प्रमाणपत्रे बाद केली. फायरफॉक्सच्या यादीत आपले मूळ नव्हतेच, त्यामुळे त्याच्या वापरकर्त्यांना झळ लागली नाही.

या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येते. एका सार्वभौम देशाच्या कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या सहीची हद्द कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने आखून दिली, हे कोणाही भारतीयाला खटकेल. पण हेही खरे की, त्या कंपनीने डोळे मिटले असते तर ज्यांची टपाले उघडी पडली असती त्यांत आपणच होतो. शिक्का सरकारी असल्याने तो आपोआप विश्वासू ठरत नाही. तो कोणाच्या टेबलावर, कोणत्या खणात, कोणाच्या नजरेखाली असतो, यावर सारे ठरते. तहसील कचेरीत चार खेटे घातलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

चावडीवरचा कागद

असे आपल्याकडेच घडले असेही नाही. २०११ साली हॉलंडमधल्या डिजिनोटार या प्राधिकरणात चोर शिरले आणि त्यांनी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यांतले एक गुगलचे होते. ते इराणमध्ये वापरले गेले आणि सुमारे तीन लाख जोडण्या त्याच्या जाळ्यात आल्या. उलगडा झाला तो एका सामान्य इराणी माणसामुळे. क्रोममध्ये गुगलने आपल्या स्वतःच्या पत्त्यांच्या खऱ्या किल्ल्यांची खूण आधीच नोंदवून ठेवलेली होती, त्यामुळे त्याच्या पडद्यावर इशारा आला. त्याने तो दुर्लक्षून पुढे जाण्याऐवजी चारचौघांत विचारला. महिन्याभराच्या आत डिजिनोटारचे दिवाळे निघाले.

धडा असा होता की, खोटे प्रमाणपत्र निघणे जितके वाईट, त्याहून ते कोणाला न कळणे वाईट. यावर शोधलेला उपाय आपल्या महसुली माणसांना ऐकताक्षणी ओळखीचा वाटेल. शेताच्या हक्कात बदल झाला की फेरफाराची नोंद होते. पण ती लगेच कायम होत नाही. तिची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. भावाने भावाचे नाव गुपचूप कमी केले तर निदान कागदोपत्री तरी गावाला कळावे, ही त्यामागची कल्पना. प्रमाणपत्रांच्या जगात अशी चावडी २०१३ मध्ये आखली गेली. प्रत्येक नवे प्रमाणपत्र जाहीर नोंदवह्यांत टिपायचे. या वह्या अशा बांधलेल्या की नोंद वाढवता येते, खोडता येत नाही. ३० एप्रिल २०१८ नंतर निघालेले प्रमाणपत्र अशा वहीत नोंदलेले नसेल, तर क्रोम ते स्वीकारतच नाही. आज कोणतीही बँक, कोणतेही सरकारी खाते या वह्या चाळून आपल्या नावावर भलत्याने काही काढले आहे का, ते पाहू शकते.

या चावडीने मोठमोठ्यांना उघडे पाडले. पहिल्या पिढीतली ती व्हेरिसाइन. तिचा प्रमाणपत्रांचा धंदा २०१० मध्ये सिमँटेकने घेतला. २०१५ मध्ये सिमँटेकच्या घराण्यातून चाचणीच्या नावाखाली गुगलची प्रमाणपत्रे परस्पर निघाल्याचे या नोंदवह्यांमुळे उघडकीस आले. पुढे आणखी चुका निघाल्या आणि २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत क्रोमने ही सगळी जुनी परंपरा यादीबाहेर काढली. तोवर सिमँटेकने तो धंदाच विकून टाकला होता. नावाजलेले घराणे म्हणून कोणाला सूट मिळाली नाही.

कुलूप दिसले म्हणजे घर सज्जनाचे नव्हे

एवढे सगळे असूनही बीड जिल्ह्यात काय, आणखी कुठे काय, माणसे फसतातच. पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, पीकविम्याची केवायसी करा, असे निरोप मोबाइलवर येतात. लिंक दाबली की हुबेहूब सरकारी दिसणारे पान उघडते आणि वर कुलूपही असते. मग हे कसे?

याचे कारण प्रमाणपत्राच्या मर्यादेत आहे. प्रमाणपत्र एवढेच सांगते की, या पत्त्यावर तुम्ही खरोखर याच पत्त्याच्या धन्याशी बोलत आहात आणि मध्ये कोणी कान लावून बसलेला नाही. तो धनी साधू आहे की चोर, हे ते सांगत नाही. बहुतेक प्रमाणपत्रे देताना अर्जदाराला इतकेच सांगितले जाते की, तुझ्या पत्त्यावर अमुक एक खूण ठेवून दाखव. खूण दिसली की प्रमाणपत्र मिळते. २०१५ च्या डिसेंबरात ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा उपक्रमाने ते सर्वांसाठी फुकट केले. हे पुण्याचेच काम झाले. लहान शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती यांनाही त्यामुळे सुरक्षित संकेतस्थळ परवडू लागले. पण फुकट पाणपोईवर चोरही पाणी पितो. २०२१ मध्ये गुगलने केलेल्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचे ते कुलूपच काढून टाकले. कुलपापेक्षा त्याच्याविषयीचा गैरसमज मोठा झाला होता.

मग साध्या माणसाने पाहायचे काय? पत्ता पाहायचा, आणि तो शेवटाकडून वाचायचा. पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडचा भाग खरा धनी सांगतो. सरकारी संकेतस्थळ असेल तर तो ‘गव्ह डॉट इन’ असा संपतो, आणि हे नाव खासगी माणसाला मिळत नाही. पत्त्यात आधी ‘महाभूमी’ असो, ‘किसान’ असो की ‘विमा’, शेवट भलताच असेल तर पान भलत्याचे. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटाखाली यायला सांगितले, ते याच कारणासाठी. माणसाची ओळख आडनावावरून पटवायची जुनी सवय येथे उपयोगी पडते. फक्त हे आडनाव चोरता येत नाही.

मूळ आपले हवे का?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय ब्राउझर तयार करण्याची स्पर्धा जाहीर केली. त्यातली एक महत्त्वाची अट अशी होती की, त्या ब्राउझरने आपल्या नियंत्रकाचे मूळ मानले पाहिजे. मार्च २०२५ मध्ये झोहो या कंपनीला पहिले बक्षीस मिळाले. ईमुद्रा या भारतीय कंपनीची ‘एमसाइन’ मुळे तर जगातल्या प्रमुख याद्यांमध्ये दाखल आहेतच. म्हणजे भारतीय आहे म्हणून दार बंद आहे, असे नाही. तरीही अनेक सरकारी संकेतस्थळांची प्रमाणपत्रे परदेशी संस्थांकडून घेतलेली असतात. उद्या राजकारण फिरले आणि कोणी ती रद्द केली तर काय, ही चिंता पोकळ नव्हे.

पण मूळ आपले असले म्हणजे झाले, असे मानणेही भाबडेपणाचे आहे. ज्याच्या हाती मूळ, त्याच्या हाती कोणाचेही प्रमाणपत्र काढण्याची ताकद असते. मग तो परदेशी व्यापारी असो की स्वदेशी अधिकारी. म्हणून प्रश्न देशी-परदेशीचा जितका आहे तितकाच चावडीचा आहे. नोंदवही उघडी आहे का? चूक झाली तर ती किती दिवसांत, कोणी, कोणाला सांगायची? २०१४ नंतर जगाने यावर बरीच कडक शिस्त बसवली. एप्रिल २०२५ मध्ये तर ब्राउझर आणि प्राधिकरणे यांच्या संयुक्त मंचाने ठरवले की, प्रमाणपत्राचे आयुष्य टप्प्याटप्प्याने कमी करायचे : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, पुढच्या वर्षी १०० आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस. विश्वास एकदा दिला की जन्मभर, ही रीत संपली. तो सतत नवा करून घ्यावा लागणार.

आता पुन्हा आष्टीच्या त्या केंद्रात येऊ. राज्य सरकारने डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू केला. त्यावर आणखी सही-शिक्क्याची गरज नाही, असे त्या कागदावरच म्हटलेले असते. पण ज्या संगणकावर तो उघडतो, त्यातल्या वाचक-प्रोग्रामच्या यादीत आपल्या नियंत्रकाचे मूळ नसेल, तर तो प्रोग्राम इमानाने सांगतो : सही दिसते, पण सही करणाऱ्याला मी ओळखत नाही. खोटे आहे असे तो म्हणत नाही. फक्त प्रश्नचिन्ह उमटवतो. आधारची ई-प्रत उतरवणाऱ्यांनाही म्हणूनच सांगितले जाते की, सही तपासा आणि प्रमाणपत्र विश्वासयादीत स्वतः घाला. आणि कागद एकदा छापला की डिजिटल सही उरतच नाही, उरते ते तिचे चित्र. छापील प्रत पारखायची तर तिच्यावरचा पडताळणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहायला हवा. ते काम कागद घेणाऱ्याचे, देणाऱ्याचे नव्हे.

बँकेतल्या साहेबांनी ते केले नव्हते. केंद्रातल्या मुलाने मात्र मूळ फाइल उघडली, सहीवर उजवे बटण दाबले, दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि ‘विश्वास ठेवा’ अशा अर्थाच्या एका चौकोनात खूण केली. प्रश्नचिन्ह गेले, हिरवी बरोबरची खूण आली. पुन्हा प्रिंट काढली. काकांनी ती उन्हात धरून पाहिली.

‘‘आता पटली का वळख?’’

‘‘पटली.’’

‘‘कुणी पटवली?’’

मुलगा जरा थांबला. ‘‘मीच,’’ तो म्हणाला.

काकांनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली, प्रिंटचे पैसे मोजून दिले आणि बँक बंद व्हायच्या आत पोचायचे म्हणून ते घाईने निघून गेले. सातबारा सकाळी होता तोच होता. बदलले होते ते एवढेच की, आष्टीतल्या एका वीस-बावीस वर्षांच्या पोराने आपल्या संगणकाला सांगितले होते, या सहीवर विश्वास ठेव. बँकेनेही दुपारी तो कागद ठेवून घेतला, असे मला नंतर कळले.